सरळ केसांची चार बोटं

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या माझ्या मुलीने बूटही न काढता विचारलं, "मग कधी जायचं?"

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. सातवीपासून ती केस सरळ करून मागत होती आणि सातवीपासून मी एकच उत्तर देत होते: दहावी होऊ दे. तेव्हा दहावी फार लांब वाटायची. आता ती दारात उभी होती, कपाळावर घाम, आणि घामाने फुगून दुप्पट झालेले कुरळे केस रबरबँडमध्ये कोंबलेले.

"बघू," मी म्हणाले.

"बघू नाही. तू म्हणालेलीस. आणि तू स्वतः करतेसच ना?"

करत होतेच. कोलशेतच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणता नट कोणत्या खणात, काल किती आले, आज किती गेले, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. डोंबिवलीच्या घरीही तेच: फ्रिजवर यादी, कपाटाच्या दाराला आतून यादी, पर्समध्ये यादी. आणि वीस वर्षं त्या याद्यांत दर आठ महिन्यांनी एक ओळ यायची: 'केस'. म्हणजे ठाण्यातलं पार्लर, म्हणजे नाकाला झोंबणारं क्रीम लावून चार-पाच तास खुर्चीत बसणं आणि मुळाशी उगवलेले कुरळे केस पुन्हा सरळ करून घेणं. वॉटर फिल्टरची सर्व्हिसिंग करतो तसंच ते. त्यावर मी कधी विचार केला नव्हता.

पण त्या मार्चमध्ये मला दोन गोष्टी माहीत होत्या, ज्या मुलीला माहीत नव्हत्या. कानशिलांजवळचे माझे केस इतके विरळ झाले होते की मी भांगाची जागा बदलून ते झाकत होते. आणि दर आंघोळीला मोरीच्या जाळीवर जमणारा केसांचा गोळा मी गुपचूप कागदात गुंडाळून टाकत होते. सोळाव्या वर्षी तिचं डोकं त्या वाटेला लावायचं माझ्या जिवावर आलं. पण नको म्हणायला मला तोंड नव्हतं, कारण तोंडाच्या दोन्ही बाजूंना सरळ केस लोंबत होते.

"एक वर्ष," मी म्हणाले. "मी करत नाही, तू करत नाहीस. वर्षभर दोघी हे केस सांभाळायला शिकू. त्यानंतरही तुला सरळच हवे असतील, तर रजा टाकून मी स्वतः तुला नेईन. एक शब्द बोलणार नाही."

"लिहून दे."

लिहून दिलं. दोघींनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून नवऱ्याला बोलावलं. त्याला टक्कल आहे. त्याने सही केली आणि खाली लिहिलं, 'माझा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.' तो कागद फ्रिजवर लागला, दुधाच्या आणि गॅसच्या यादीच्या वर.

खरं सांगायचं तर मलाच भीती वाटत होती. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि माझे केस कसे आहेत ते मला माहीत नव्हतं. लहानपणी कल्याणच्या घरी आई रोज सकाळी मला दोन गुडघ्यांमध्ये धरून बसवायची. वाटीत खोबरेल तेल, हातात बारीक दातांची फणी, आणि कोरड्या केसांतून थेट मुळापासून खाली. केस तुटल्याचा कटकट आवाज मला अजून ऐकू येतो.

"हे सगळं तुझ्या वडिलांच्या घराण्यातनं आलंय," आई म्हणायची. "आमच्याकडे कुणाचे असले राठ केस नाहीत."

वडील पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "अक्कल पण आमच्याकडनंच आलीय. त्याबद्दल कुणी बोलत नाही."

मग दोन घट्ट वेण्या, काळ्या रिबिनी. केस मोकळे सोडून वाळवणं आमच्या घरात नव्हतंच. न्हायलं की ओल्या केसांनाच तेल लावायचं आणि बांधून टाकायचे. दिवेलागणीला घरातल्या बाईचे केस मोकळे दिसता कामा नयेत, हा आईचा नियम. ती स्वतः आयुष्यभर ओल्या केसांचाच अंबाडा घालत आली. केसांना त्यांच्या मनासारखं वाळू दिलं तर काय होतं, हे पाहायची सोयच कुणाला नव्हती.

मुलीने फोनवर शोधून माहिती काढली, मी तिची यादी केली आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवली. कोरडे केस विंचरायचे नाहीत, कधीच नाहीत. ओल्या केसांना कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवायचा, टोकांकडून सुरुवात करून वर. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टीशर्टने टिपायचे. जेल लावायचं, ओंजळीत धरून वर दाबायचे. त्याखाली मुलीने स्वतः पेनाने एक ओळ वाढवली: 'मग हात मागे बांधायचे.' मला सारखा केसांना हात लावायची खोड आहे म्हणून.

जेल घरीच करायचं ठरलं, जवसाचं. आता जवस मला कोण शिकवणार? आमचं मूळ देशावरचं, जवसाच्या चटणीवर वाढलेली मी. पाव वाटी जवस घेतला, लोखंडी तव्यावर मंद आचेवर खमंग भाजला, तडतडायला लागल्यावर उतरवला आणि मग दोन वाट्या पाण्यात उकळत ठेवला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाणी नुसतं तपकिरी होत गेलं. शेवटी तेच गाळलं आणि डोक्याला लावलं. टाकून कशाला द्यायचं?

मुलगी नाक वर करून हुंगत स्वयंपाकघरात आली. "आई, तू जवस भाजलास?"

"मग? कच्चा कोण वापरतं?"

"अगं, चटणीला भाजतात! चटणीला!"

नवरा डब्याची वाट बघत उभा होता. तो म्हणाला, "मला आज नुसती भाकरी दे. वर चोळायला तुझं डोकं आहेच."

त्या दिवशी स्टोअरमध्ये हाताखालची बाई सकाळपासून म्हणत होती, "मॅडम, कुणी तरी डबा उघडलाय बघा." मी रजिस्टरमधून मान वर काढली नाही.

दुसऱ्या वेळी कच्चा जवस उकळला. दहा मिनिटांत छान दाट झालं, पण तेवढ्यात बेल वाजली, सोसायटीतली बाई बोलत बसली, आणि परत येईपर्यंत ते थंड होऊन असं बसलं की गाळणीत ओतलं तर गाळणीसकट उचललं गेलं. तिसऱ्या वेळी गरम असतानाच मलमलच्या जुन्या ओढणीतून पिळलं. पातेल्यात स्वच्छ, काचेसारखं जेल, आणि बोट वर उचललं की भेंडीसारखी तार. मी कपाटाच्या आतल्या यादीत लिहिलं: 'जवस. भाजू नये. गरमच गाळावा.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी न्हाऊन मी बाल्कनीत उभी होते. मानेवर काही तरी गुदगुल्या करत होतं. हात लावला (नियम मोडला) तर एक ओली बट हाताला लागली. मुळाशी दोन-तीन बोटं नवी वाढलेली. मी ती ओढून सरळ केली आणि सोडली. ती परत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. ती पुन्हा आपल्या जागी जाऊन तशीच गोल बसली.

माझ्या स्टोअरमध्ये स्प्रिंगांचे सतरा खण आहेत. त्यातली प्रत्येक स्प्रिंग कुणी तरी यंत्रावर वळवलेली असते, तिचं माप कागदावर असतं, आणि तरीही शंभरात दोन-चार वाकड्या निघतात. ही कुणी वळवली? वीस वर्षं दर आठ महिन्यांनी मी क्रीम लावून, गरम इस्त्री फिरवून ती मोडत आले होते. आणि दर वेळी, दुसऱ्याच दिवशी, त्वचेखाली तिने पुन्हा वळायला सुरुवात केली होती. न रागावता, न कंटाळता, नेमक्या त्याच मापात. इतक्या इमानाने काम करणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. आणि ते माझ्याच डोक्यावर चाललं होतं, मी आरशात बघत असताना. मी आत जाऊन चहा ठेवला, पण गॅस पेटवायचं विसरले.

मुळाकडे हे असं, आणि खाली जुने, सरळ, निपचित केस. दोन वेगवेगळ्या बायकांचे केस शिवून जोडल्यासारखे. दोन्ही जिथे मिळत तिथे ते तुटतही होते.

"खालचे काप ना," मुलगी म्हणायची.

"कापू. यादीत आहे."

यादीत होतंच. 'सरळ टोकं कापणे.' महिना बदलला की मी ती ओळ न चुकता नव्या पानावर उतरवून घेत होते. दर महिन्याला बोटभर कापत होते, पण बाकीचे ठेवून. सगळे कापले तर केस कानापर्यंत येणार होते. या वयात, कारखान्यात, नातेवाइकांत! मी अंबाडा घालून दोन्ही प्रकार आत दडवत होते आणि वाट बघत होते. कशाची, ते मी कुठे लिहिलं नव्हतं.

मुलीचं कॉलेज सुरू झालं. तिकडे तिला 'नूडल्स' म्हणू लागले. ती नियम पाळत होती, पण परीक्षेला बसल्यासारखी. घरी आली की फ्रिज उघडण्याआधी दारावरचा कागद वाचायची.

"करार आहे म्हणून करतेय हां," ती मला सांगायची. "फार खूश होऊ नकोस."

दिवाळीनंतर कल्याणला आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून मी तिला सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे आणलं. शहात्तर वर्षांची बाई, पहिल्यांदाच स्वतःचा अंबाडा स्वतः घालू शकत नव्हती, त्याचा तिला मोडलेल्या हाडापेक्षा जास्त त्रास होता. प्लास्टरवर तेल ओघळतं म्हणून तीन आठवडे तेलही लावलं नव्हतं. एका रविवारी तिला न्हाऊ घालायचं ठरलं. साडीच्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत प्लास्टर बांधलं, तिला स्टुलावर बसवलं. मुलगी तांब्या घेऊन पाणी ओतायला.

"शाम्पू लाव आणि घट्ट वेणी घालून टाक," आई म्हणाली. "डोकं जड झालंय नुसतं."

"आजी, इथे नियम असतात," मुलगी म्हणाली. "दारावर बघ. शेवटचा नियम, हात मागे बांधायचे."

"माझा एक तर बांधलेलाच आहे मेला."

मी वेणीच घालणार होते. पण हातांना आता वेगळी सवय लागली होती. कंडिशनर लावलं, बोटांनी गुंता सोडवला, टीशर्टने टिपलं, आणि जेलचा डबा समोर होता म्हणून तेही लावलं. मग तिला बाल्कनीत उन्हात बसवलं, हाताखाली उशी दिली आणि मी कुकर लावायला आत गेले.

बऱ्याच वेळाने मुलीची हाक आली. एकदम खालच्या आवाजात. "आई. इकडे ये. हळू ये."

बाल्कनीत एखादा पक्षी येऊन बसला की आपण घरच्यांना बोलावतो तसा तो आवाज होता. मी गेले.

आई डुलकी घेत होती. खुर्चीच्या पाठीवर तिचे केस सोडलेले होते. एरवी कमरेपर्यंत पोचणारे ते केस आपले आपण वर चढत पाठीच्या मध्यावर येऊन थांबले होते. पांढरेशुभ्र, आणि वळणावर वळण. कानाजवळची बट करंगळीला गुंडाळून काढल्यासारखी. ऊन त्यांतून आरपार येत होतं आणि प्रत्येक कड्याची कड उजळली होती. मी तिची मुलगी, अठ्ठेचाळीस वर्षं तिला पाहत आले होते, आणि माझ्या आईचे केस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माझ्या मानेवर होतं तेच वळण. तीच जाडी. बाजूला उभ्या मुलीच्या डोक्यावरही तेच. माल ओळखणं हा माझा धंदा आहे. एकाच साच्यातला माल होता तो, तीन खेपांचा. आम्ही दोघी तिथे किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी मोजलं नाही. असं माझं होत नाही.

आई जागी झाली. "काय गं? काय बघताय दोघी?"

मुलीने हातआरसा आणून समोर धरला. आई बघत राहिली. "हे माझे?"

"तुझेच."

"तेल नाही लावलं म्हणून झालंय हे."

"नाही, आई."

"मग त्या तुमच्या चिकट पाण्याने असेल."

"त्याने सरळ केस कुरळे होत नाहीत, आजी," मुलगी म्हणाली. "जे आहेत तेच दिसतात."

आईने डाव्या हाताने कानाजवळची बट धरली, ओढून सरळ केली आणि सोडली. ती परत गेली. आईने पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. अगदी मी केलं होतं तसंच. मग तिने मान वळवून हॉलमध्ये बघितलं. तिथे वडिलांचा फोटो आहे.

"उगाच बोलले गं मी त्यांना," ती म्हणाली. "जन्मभर."

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला तेव्हा मी फणी घेऊन तिच्या मागे गेले. "वेणी घालते."

"राहू दे जरा. वाळलेत कुठे अजून?"

वाळून चार तास झाले होते.

मला वाटलं, झालं, मुलीचं मन वळलं. पण पुढच्याच आठवड्यात ती फ्रिजसमोर उभी राहून बोटांवर मोजत होती. "तीन महिने राहिले ना?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सही माझी होती.

मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे मी रजा टाकली, पार्लरची वेळ घेतली, यादीत लिहिली. पार्लरवाल्या बाईंनी मला बघून कपाळाला हात लावला. "काय हे मॅडम! वर्षभर फिरकला नाहीत. आणि आज आधी मुलगी का? ये गं, बस इथे."

मुलगी खुर्चीत बसली. अंगावर काळा एप्रन. बाईंनी तिचे केस सोडले, कंगवा उचलला आणि कोरड्या केसांत घातला.

"काकू, कोरडे नका विंचरू!" मुलगी एकदम म्हणाली.

बाई हसल्या. "अगं, सरळच करायचेत ना? मग आता काय फरक पडतो?"

मुलीने आरशातून माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलणार नाही, असं मी लिहून दिलं होतं. मी समोरच्या फळीवरच्या बाटल्या मोजायला लागले. एकवीस होत्या. पुन्हा मोजल्या.

"आई, तू खालचे कापणार होतीस."

"यादीत आहे."

"वर्षभर यादीतच आहे. मला सांगतेस, आजीला दाखवतेस, आणि स्वतः अंबाडा घालून फिरतेस. तुला तरी आवडतात का गं? खरं सांग. आता बोललीस तरी चालेल."

ती चिडलेली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि माझ्या लक्षात आलं, मोजण्यासारखं जे होतं ते मी वर्षभर मोजलं होतं, पण तिसऱ्या महिन्यातल्या त्या रविवारी बाल्कनीत ती बट ओढून सोडताना मला काय झालं होतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ते कुठल्या यादीत बसेना म्हणून.

मी अंबाड्याचे आकडे एक एक काढले, पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवले आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. "खालची चार बोटं कापा," मी बाईंना म्हणाले. "सरळ आहेत तेवढे सगळे."

"सगळे? कानावर येतील हां मॅडम."

"येऊ देत."

कात्री चालली. सरळ केस फरशीवर पडत गेले, जसे पडले तसेच पडून राहिले. मग बाईंनी पाण्याचा फवारा मारला. खालचं ओझं गेलं होतं. आरशात माझ्या डोळ्यांसमोर एक बट हलली आणि वर गेली. मग तिच्या शेजारची. मग मागची. कुणी हात लावत नव्हतं. बाईंची कात्री हवेतच थांबली. "बापरे," त्या म्हणाल्या, आणि त्या एवढंच म्हणाल्या. वीस वर्षं त्या माझे केस सरळ करत होत्या. त्यांनीही ते पाहिले नव्हते.

आरशात ज्या बाईचा चेहरा होता तिला मी ओळखत नव्हते, पण ती माझ्या आईची मुलगी आहे, हे लांबूनही ओळखू आलं असतं. माझे डोळे भरून आले आणि पर्समधला रुमाल मला पटकन सापडला नाही.

मुलगी एप्रनसकट उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. माझ्या कानावरची बट तिने धरली, ओढली, सोडली. पुन्हा ओढली, सोडली.

"भारी आहे हे," ती हळूच म्हणाली. मग एप्रनची गाठ सोडत बाईंना म्हणाली, "काकू, माझं राहू दे."

"अगं, मग वेळ घेतली होतीस ना?"

"बघू पुढच्या वर्षी," ती म्हणाली. माझ्याच सुरात.

बाहेर आल्यावर तिने रिक्षात बसल्या बसल्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. प्लास्टर कधीच निघालं होतं, आई कल्याणला परत गेली होती आणि डोक्यावर पुन्हा तेलकट, घट्ट अंबाडा होता. फक्त कानाजवळ एक पांढरी बट बाहेर होती.

"अगं बाई," ती माझ्याकडे बघत म्हणाली, आणि फोन डोळ्यांजवळ नेला. आम्हाला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. "किती गं हे! इतकी वर्षं होते कुठे?"

"आजी, तुझी ती बट बाहेर राहिलीय," मुलगी म्हणाली.

"ती आता आत बसत नाही. मी पण सोडून दिलंय." आईने फोन पुन्हा लांब धरला. मग म्हणाली, "ऐक. उद्या माझा न्हायचा दिवस आहे. ती तुमच्या दारावरची यादी मला पाठवा. मोठ्या अक्षरात."